रेंजचा आकडा पुरे, कामाच्या दिवसाचा हिशेब द्या: विजेच्या डिलिव्हरी व्हॅन बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
विजेवर चालणाऱ्या डिलिव्हरी व्हॅन बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे उत्पादन, विक्री आणि सेवा विभाग

स. न. वि. वि.

डिलिव्हरीच्या ताफ्यांसाठी गाड्या निवडणं, रात्री त्या चार्ज करून घेणं, बंद पडल्या की दुरुस्त करणं आणि काही वर्षांनी विकून टाकणं, ही ज्यांची रोजची कामं आहेत अशा मंडळींचं हे पत्र आहे. विजेची व्हॅन काम करते का, हा वाद आमच्यात संपला आहे. दिवसाला ८० ते १०० किलोमीटर, ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे आणि संध्याकाळी परत त्याच डेपोत मुक्काम. विजेला याहून सोयीचं काम शोधूनही सापडणार नाही. तरी खरेदीची फाईल अडते. किमतीवर अडते असं तुम्हाला वाटतं. आमच्या मते ती तुमच्या माहितीपत्रकावर अडते, कारण त्यातले आकडे आमच्या हिशेबात बसतच नाहीत.

रेंजपासूनच सुरुवात करू, कारण तुम्हीही तिथूनच करता.

पत्रकावरचा आकडा बहुतेक वेळा डब्ल्यूएलटीपी या गाड्यांच्या प्रमाणित आंतरराष्ट्रीय चाचणीतून येतो. या चाचणीचं चक्र ३० मिनिटांचं आणि सुमारे २३.२५ किलोमीटरचं असतं. गाडी रोलरवर चालते, सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर, तापमान २३ अंश, हीटर आणि एसी बंद. मालवाहू गाडीच्या चाचणीत भारक्षमतेच्या फक्त २८ टक्के वजन धरलेलं असतं. यात लबाडी कुठेच नाही. दोन गाड्यांची तुलना करायला असं प्रमाणित मोजमाप लागतंच. पण डिलिव्हरीची व्हॅन सकाळी पूर्ण भरून निघते, थांबे धरून तिचा सरासरी वेग ताशी १५ ते २० किलोमीटर पडतो, आणि तिचा दरवाजा दिवसातून शंभर-सव्वाशे वेळा उघडतो. त्या आकड्याचा आणि या दिवसाचा संबंध फार पातळ आहे.

हीटरचा खर्च किलोमीटरवर मोजायचा नसतो, तासांवर मोजायचा असतो, ही साधी गोष्ट पत्रकात कुठेच येत नाही. हायवेवर १०० किलोमीटर सव्वा तासात संपतात, म्हणून हीटरने ओढलेली वीज नजरेत भरत नाही. शहरात तेच १०० किलोमीटर पुरे व्हायला सहा-सात तास लागतात. थंडीच्या दिवशी हीटर सरासरी २ किलोवॅट ओढत असेल तर आठ तासांच्या पाळीत १६ युनिट तिथेच गेले. मोठी व्हॅन पूर्ण भारासह किलोमीटरला साधारण ०.३० युनिट खाते असं धरलं, तर ही ५० हून जास्त किलोमीटरची वीज झाली.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. वापरता येणारी बॅटरी ६८ युनिटची, पत्रकावरची रेंज ३०० किलोमीटर. त्यातले १० टक्के राखीव ठेवायचे, कारण ड्रायव्हरला रस्त्यात अडकवायचं नाही. उरले ६१. हीटरचे १६ वजा केले की ४५. त्याला ०.३० ने भागा: १५० किलोमीटर. हा झाला नव्या गाडीचा, थंडीतला, भरलेल्या दिवसाचा आकडा. आता सहाव्या वर्षी बॅटरी ८० टक्क्यांवर आली असं समजू. ६८ चे झाले ५४, राखीव काढून ४९, हीटर काढून ३३, म्हणजे ११० किलोमीटर.

३००, १५० आणि ११०. यातला आमच्या उपयोगाचा आकडा शेवटचा आहे, आणि तो वाईट मुळीच नाही! ८० किलोमीटरच्या मार्गाला ही गाडी सहाव्या वर्षीही, थंडीतही, आरामात पुरते. तुम्ही ११० छापलं असतं तर आम्ही त्याच दिवशी सही केली असती. ३०० छापता म्हणून आम्हाला त्यातून किती वजा करायचं याचा अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज बांधणारा माणूस नेहमी जास्तच वजा करतो.

म्हणून रेंजच्या जागी एक तक्ता छापा. रिकामी, अर्धी भरलेली आणि पूर्ण भरलेली गाडी. उणे ५, १०, २५ आणि ४० अंश तापमान. ताशी १५, ३० आणि ७० किलोमीटर सरासरी वेग. हीटर किंवा एसी चालू ठेवून किलोमीटरला किती युनिट लागतात तेवढंच लिहा. भागाकार आमचा आम्ही करू. सोबत ड्रायव्हरच्या पाठीमागे पूर्ण बंद पार्टिशन आणि गरम होणारी सीट मूळ गाडीतच द्या. पार्टिशन नसेल तर हीटर दहा-अकरा घनमीटर माल तापवत बसतो. तापणारी सीट ५० ते १०० वॅटमध्ये भागवते आणि दरवाजा उघडला तरी तिची ऊब उडून जात नाही. अशा साध्या वस्तू महागड्या मॉडेलच्या पॅकेजमध्ये बांधून ठेवणं हे आमच्या दृष्टीनं उलटं शहाणपण आहे.

रेंजवर भरवसा नसला की पुढची चूक आमच्याकडून होते. आम्ही गरजेपेक्षा मोठी बॅटरी घेतो. दर १० युनिटमागे साधारण ६० ते ७० किलो वजन वाढतं, आणि ते वजन थेट मालातून कापलं जातं. पार्सलची गाडी वजनाआधी जागेनं भरते, तिथे हे खपून जातं. फरशा, रंगाचे डबे, पाण्याचे जार नेणाऱ्याला मात्र फेऱ्या वाढवाव्या लागतात किंवा दुसरी गाडी घ्यावी लागते.

त्यात कायद्याची रेषा. युरोपात हलक्या मालवाहू गाडीची हद्द ३.५ टनांवर संपते आणि साध्या बी वर्गाच्या परवान्यावर तेवढीच गाडी चालवता येते. बॅटरीचं वजन भरून काढायला युरोपीय संघानं २०१८ च्या दुरुस्तीत सदस्य देशांना पर्यायी इंधनाच्या मालगाड्यांसाठी ही परवान्याची मर्यादा ४.२५ टनांपर्यंत नेण्याची मुभा दिली. ब्रिटननंही २०१८ मध्ये तशी सूट दिली, पण सोबत पाच तासांच्या जादा प्रशिक्षणाची अट घातली. ती अट जून २०२५ मध्ये निघाली. मधली सात वर्षं ताफ्यांना नव्या ड्रायव्हरसाठी आधी प्रशिक्षणाचा दिवस शोधावा लागत होता. पुन्हा परवान्याची अडचण सुटली तरी गाडीचा वर्ग बदलतोच. ३.५ टनांच्या वर गेली की ती जड वर्गात मोडते आणि वेगमर्यादक, टॅकोग्राफ (गाडी चालवण्याच्या वेळा नोंदवणारं यंत्र), तपासणीची वेगळी वेळापत्रकं असे प्रश्न उभे राहतात. काही ठिकाणी सवलती आहेत, काही ठिकाणी नाहीत. ४.२५ टनांचं मॉडेल विकताना तुमच्या विक्रेत्याला हे सगळं तोंडपाठ हवं. बहुतेकांना नसतं.

भारक्षमतेचा आकडाही आत काहीच न बसवलेल्या गाडीचा असतो. त्यातून रॅकचे १०० ते २०० किलो गेले, माल चढवणारी मागची टेल लिफ्ट असेल तर आणखी दीड-दोनशे गेले, मदतनीस बसला तर त्याचं वजन गेलं. उरलेली क्षमता पूर्ण वापरायची म्हटलं तरी माल मागे रचला की एकूण वजनाच्या आधी मागच्या धुरीची (अ‍ॅक्सलची) मर्यादा ओलांडली जाते, आणि वजनकाट्यावर दंड होतो तो धुरीच्या आकड्यावर. पत्रकात रॅकसह भारक्षमता आणि दोन्ही धुरींवर उरणारी मोकळीक द्या. बॉडी बांधणाऱ्याला गाडीच्या तळाचा नकाशाही द्या: कुठे भोक पाडायचं, कुठे नाही, स्क्रूची लांबी जास्तीत जास्त किती. खाली बॅटरी आहे. डिझेल गाडीत लांब स्क्रू गेला तर चेसीच्या खाली टोक दिसायचं. इथे तो बॅटरीच्या कवचात जातो आणि पहिल्या पावसापर्यंत कुणाला कळत नाही.

आता थांब्यांकडे येऊ. डिलिव्हरी व्हॅनचं आयुष्य किलोमीटरपेक्षा थांब्यांनी झिजतं, आणि तुमची वॉरंटी फक्त वर्षं आणि किलोमीटर मोजते.

दिवसाला १२० थांबे आणि वर्षाला ३०० दिवस म्हणजे ३६,००० वेळा गाडी बंद-चालू. आठ वर्षांत २,८८,०००. प्रत्येक वेळी गाडी पूर्ण बंद होत असेल तर बॅटरीचे मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज गाडीला जोडणारे-तोडणारे स्विच, तितक्या वेळा उघडतात (वीज तुटते) आणि मिटतात (वीज जुळते). मिटण्याआधी एकदम झटका बसू नये म्हणून प्रीचार्ज रेझिस्टरमधून थोडा करंट जातो; लागोपाठ थांबे असतील तर त्याला निवायला वेळ मिळत नाही. स्लायडिंग दरवाजाचे रोलर, कुलपाची मोटर, इलेक्ट्रिक हँडब्रेक, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, सगळ्यांचं गणित हेच. खासगी कारमधून उचललेला भाग दिवसाला सहा-आठ वेळा वापरला जाईल या हिशेबानं बनलेला असतो. कॉन्टॅक्टर, हँडब्रेक आणि दरवाजा किती आवर्तनांसाठी तपासले आहेत हे छापा. आकडा आमच्या हिशेबापेक्षा कमी असेल तर तो भाग पाचव्या वर्षी बदलायचा असं आम्ही आधीच धरून ठेवू, त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते भर रस्त्यात कळल्यावर.

पण गाडी अडकण्याचं सगळ्यात हमखास कारण याहून किरकोळ आहे: १२ व्होल्टची छोटी बॅटरी. मोठ्या बॅटरीत ५० युनिट शिल्लक असतात आणि गाडी हलत नाही, हे दृश्य ज्यानं ताफा सांभाळला आहे त्याला नवं नाही. घडतं ते असं. ड्रायव्हर किल्ली बंद करून पार्सल द्यायला जातो. कॉन्टॅक्टर उघडतात, मोठ्या बॅटरीतून छोटी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर थांबतो. मागे चारी इंडिकेटर, आतला दिवा, ट्रॅकिंगचं यंत्र, स्कॅनरचा चार्जर आणि कुलपाची मोटर चालूच असतात, सगळी १२ व्होल्टवर. थांबा तीन मिनिटांचा, पुढचा प्रवास दोन मिनिटांचा. त्या दोन मिनिटांत गेलेली वीज भरून निघत नाही. शिवाय स्टार्टर मोटर नाही म्हणून तुम्ही ही बॅटरी लहानच बसवलेली असते. व्होल्टेज एका पातळीखाली गेलं की कॉन्टॅक्टर मिटवायलाही ताकद उरत नाही.

टेल लिफ्ट जोडली तर प्रकरण आणखी बिघडतं. लिफ्टची मोटर चढावाला १५० अँपिअरच्या वर ओढू शकते. कन्व्हर्टर मुळात दोन-तीन किलोवॅटचा, आणि त्यावर पंखे, पंप, दिवे आधीच बसलेले. लिफ्टला स्वतंत्र बॅटरी आणि तिच्या चार्जिंगची कंपनीनेच मान्य केलेली जोडणी हवी. बॉडीवाल्यानं आपल्या मनानं ओढलेली तार नको.

यावरचा उपाय बहुतेक सॉफ्टवेअरचा आहे, म्हणून त्याला आडकाठी का असावी हे आम्हाला कळत नाही. 'डिलिव्हरी मोड' द्या: किल्ली काढली, दरवाजे कुलूपबंद झाले, तरी चार-पाच मिनिटं कॉन्टॅक्टर मिटलेले आणि कन्व्हर्टर चालू. यात कॉन्टॅक्टरची आवर्तनंही वाचतात. गाडी उभी असताना १२ व्होल्टची पातळी घसरली तर मोठ्या बॅटरीतून आपोआप भरून घ्या. आणि हे व्होल्टेज ट्रॅकिंगच्या माहितीत पाठवा, म्हणजे मरायला टेकलेली बॅटरी सकाळी गाडी निघायच्या वेळी नाही, आदल्या आठवड्यात बदलता येईल.

टायर आणि ब्रेकबद्दल फार लिहीत नाही. वजन आणि जोर दोन्ही जास्त असल्यानं मोटर ज्यांना फिरवते त्या चाकांचे टायर लवकर झिजतात. रीजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरनंच वीज परत बॅटरीत भरण्यामुळे, मागचे ब्रेक इतके कमी वापरले जातात की डिस्क गंजते आणि तपासणीत गाडी नापास होते. आठवड्यातून एकदा रीजन आपोआप कमी करून ब्रेक घासून घेणारी सोय काही गाड्यांत असते. सगळ्यांत असायला हवी.

डेपोतलं चार्जिंग हा विषय तुमच्या पत्रकात 'सहा तासांत पूर्ण' एवढ्या एका ओळीत आटोपतो. आमची अर्धी डोकेदुखी तिथेच आहे.

वीस व्हॅनचा डेपो घ्या. प्रत्येकीला ७.४ किलोवॅटचा चार्जर. संध्याकाळी सात वाजता सगळ्या एकदम लावल्या तर १४८ किलोवॅट भार लागतो. पण रोजची गरज किती? गाडीमागे ३५ युनिट म्हणजे ७००. चार्जिंगमधली घट धरून ८००. दहा तासांत विभागले तर ८० किलोवॅटमध्ये भागतं. मंजूर भार जवळजवळ निम्मा, ट्रान्सफॉर्मर लहान, केबल बारीक. हे साधायचं तर चार्जरनी आपसात भार वाटून घ्यायला हवा. चार्जर आणि नियंत्रक यांच्यातली भाषा, म्हणजे ओसीपीपी, त्यासाठी आहे आणि चालतेही. घोटाळा चार्जर आणि गाडी यांच्यामध्ये होतो, म्हणजे तुमच्या बाजूला.

पहिला घोटाळा: साध्या एसी चार्जिंगमध्ये केबलमधल्या पायलट नावाच्या संदेशाच्या तारेतून गाडीला फक्त 'एवढे अँपिअर घे' इतकंच सांगता येतं. गाडीत किती चार्ज आहे हे चार्जरला कळत नाही. मग ८० टक्के भरलेली आणि १५ टक्क्यांवर आलेली गाडी एकाच रांगेत उभी राहते. ही माहिती तुमच्या सर्व्हरवर असते, पण ती मिळवायला वेगळं वर्गणीचं खातं लागतं, आणि तिथेही ती अर्ध्या तासानं ताजी होते. गाडी प्लगला असेपर्यंत दर पाच मिनिटांनी चार्जची टक्केवारी आम्हाला, आमच्याच गाडीची, विनामूल्य मिळायला हवी.

दुसरा: भार वाटायचे दोन मार्ग आहेत. सगळ्यांना थोडं थोडं द्या, किंवा पाळीपाळीनं पूर्ण द्या. थोडं म्हणजे किमान ६ अँपिअर. २३० व्होल्टवर ते १.४ किलोवॅटही भरत नाहीत. चार्ज होताना गाडीतली यंत्रणा जागी राहायला स्वतःच दोन-तीनशे वॅट खाते, म्हणजे पाचवा हिस्सा तिथेच उडतो. म्हणून पाळी लावणं शहाणपणाचं. पण चार्जिंग थांबवलं की काही गाड्या झोपतात, आणि दोन तासांनी वीज पुन्हा दिली तर उठतच नाहीत. सकाळी गाडी जशी लावली होती तशीच, चार्जरवर दिवा मात्र हिरवा. प्लग काढून परत लावला की सुरळीत. रात्री दोन वाजता वीस प्लग काढून लावायला माणूस ठेवायचा का? नवीन मॉडेल बाजारात आणण्याआधी 'दहा वेळा थांबवा, दहा वेळा सुरू करा, मध्ये तीन तास जाऊ द्या' ही चाचणी करा आणि निकाल छापा.

तिसरा घोटाळा पहाटेचा. गाडी प्लगला असतानाच केबिन आणि बॅटरी तापवून घेणं फार चांगलं; रस्त्यावरची वीज वाचते. पण सहा वाजताची निघण्याची वेळ वीसही गाड्यांत भरली असेल तर वीस हीटर एकदम सुरू होतात. प्रत्येकी ५ किलोवॅट धरले तर १०० किलोवॅट, रात्रभर सांभाळलेली मर्यादा पाच मिनिटांत पार. निघण्याच्या वेळा ताफ्याच्या संगणकावरून, एकगठ्ठा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या फरकानं ठरवता आल्या पाहिजेत. आज ते प्रत्येक गाडीत बसून, स्क्रीनवर बोट ठेवून करावं लागतं.

चार्ज कुठवर करायचा यावरही तुमची पुस्तिका गोंधळ घालते. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेला, उरलेला चार्ज नीट ओळखता येत नाही. अधूनमधून १०० टक्के भरली नाही तर मोजमाप भरकटतं आणि १५ टक्के दाखवत असताना गाडी थांबते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीला उलट रोज १०० टक्क्यांवर रात्रभर उभं ठेवणं मानवत नाही. एकाच डेपोत दोन्ही प्रकारच्या गाड्या असतात आणि ड्रायव्हर बदलत राहतात. ही मर्यादा गाडीगणिक ड्रायव्हरच्या हाती न ठेवता डेपोतून लावता यायला हवी. शून्याखालच्या थंडीत एक अडचण वेगळीच. गार बॅटरी वेगानं चार्ज केली तर लिथियम धातूच्या रूपात साचतं, म्हणून बीएमएस करंट कापतो, आणि ते योग्यच आहे. अशा वेळी स्वस्त दराची वाट पाहत मध्यरात्री सुरुवात करण्यापेक्षा फेरीहून आलेली, अजून कोमट असलेली बॅटरी लगेच लावणं बरं. हे वाक्य आम्हाला एकाही पुस्तिकेत सापडलेलं नाही.

चार्जिंगचं तोंड नाकावर असावं की बाजूला, यावर तुमच्यात एकमत होईल अशी आशा आम्ही सोडली आहे. निदान हे लक्षात ठेवा की माल भरताना व्हॅन धक्क्याला पाठ लावून उभी असते. मागच्या कोपऱ्यात तोंड दिलं तर केबल बरोबर माल भरणाऱ्याच्या पायात येते.

दुरुस्तीबद्दल एकच बिघाड उदाहरणादाखल घेतो, कारण तो बाकी सगळ्यांचा आरसा आहे. इन्सुलेशन फॉल्ट. उच्च दाबाच्या (मोठ्या व्होल्टेजच्या) मंडलातून बॉडीकडे गळती होत नाही ना, हे गाडी सतत मोजते. संयुक्त राष्ट्रांच्या आर १०० नियमाप्रमाणे डीसी मंडलाला व्होल्टमागे किमान १०० ओहम रोध आणि एसी-डीसी एकत्र जोडलेल्या मंडलाला ५०० ओहम लागतात. ४०० व्होल्टच्या गाडीत अनुक्रमे ४० हजार आणि २ लाख ओहम. दोष बहुधा ओलाव्याचा असतो: एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये, हीटरमध्ये, एखाद्या कनेक्टरच्या सीलमध्ये. पावसाळी सकाळी गाडी सुरू होत नाही, टो करून वर्कशॉपमध्ये नेईपर्यंत सुकते, आणि शेऱ्यात 'दोष आढळला नाही' लिहून परत येते. असं तीन-चारदा होतं. मग कुणीतरी अख्खी बॅटरी बदलायचं सुचवतो! खरं तर गाडीकडे रोजचा ओहमचा आकडा असतोच. तो साठवून ठेवला आणि आमच्या मेकॅनिकला वाचता आला, तर दोन महिन्यांपासून घसरत आलेली रेघ दिसेल. मग उच्च दाब रीतसर तोडून एकेक उपकरण वेगळं करून मोजायचं, एवढंच काम उरतं. तेवढ्यासाठी निदान-उपकरणाचं कुलूप प्रशिक्षित स्वतंत्र वर्कशॉपना उघडं हवं.

हे कुलूप आणखी एका कारणानं डाचतं. कंपनीच बंद झाली तर? ही भीती काल्पनिक नाही. ड्यूश पोस्ट या जर्मन टपाल कंपनीनं २०१४ मध्ये विकत घेतलेली स्ट्रीटस्कूटर ही विजेच्या व्हॅनची कंपनी २०२२ मध्ये दुसऱ्याला विकली. विजेच्या गाड्यांच्याच नव्या कंपन्यांपैकी इलेक्ट्रिक लास्ट माईल सोल्युशन्स २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली, अरायव्हलची ब्रिटनमधली कंपनी २०२४ मध्ये प्रशासकांच्या ताब्यात गेली, कॅनूनं २०२५ च्या जानेवारीत गाशा गुंडाळला. लहानांचंच असं होतं असंही नाही: जनरल मोटर्ससारख्या कंपनीनं ब्राइटड्रॉप व्हॅनचं उत्पादन थांबवत असल्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं. ब्रिटनच्या जुन्या विजेच्या दूधगाड्या बनवणाऱ्यानंतरही वर्षानुवर्षं चालल्या, कारण त्यांत शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या आणि कोणताही जाणता कारागीर त्या बदलू शकत होता. आजच्या व्हॅनमध्ये बीएमएसची चावी कंपनीबरोबर गेली तर धडधाकट गाडी भंगारात जाते. निदानाचं सॉफ्टवेअर, भागांची जोडणी ओळखवणारी साधनं आणि वायरिंगचे नकाशे तिसऱ्या पक्षाकडे ठेवीसारखे ठेवा आणि कंपनी बंद झाली तर गाडीमालकांना मिळतील असं करारात लिहा. नव्या कंपनीला यात कमीपणा वाटायचं कारण नाही. मोठा ताफा याशिवाय तिच्याकडे फिरकणारच नाही.

आता सगळ्यात मोठी गाठ. व्यावसायिक गाड्यांचा बाजार पहिल्या मालकावर चालत नाही, दुसऱ्यावर चालतो. मोठे ताफे गाडी चार-पाच वर्षं वापरतात, बहुधा लीजवर, आणि मासिक हप्ता ठरतो तो शेवटी गाडी किती किमतीला जाईल यावर.

समजा डिझेल व्हॅन १०० ला येते आणि पाच वर्षांनी ४० ला विकली जाते. घसारा ६०. विजेची व्हॅन १३० ला. लीज देणाऱ्याला बॅटरीच्या तब्येतीचा अंदाज नाही म्हणून तो शेवटची किंमत २० टक्केच धरतो. घसारा १०४. डिझेल आणि देखभालीतली बचत इथेच जिरते. त्याला भरवसा वाटून त्यानं ३५ टक्के धरले तर घसारा ८४.५ वर येतो. हाच परिणाम किंमत उतरवून साधायचा तर तुम्हाला १३० ची गाडी १०६ ला द्यावी लागेल. म्हणजे विश्वासाच्या एका कागदाचं मोल २४ च्या सवलतीएवढं आहे. (हे आकडे समजुतीपुरते धरले आहेत; तुमचे खरे आकडे टाकून पाहा, दिशा बदलणार नाही.) उलट, तुम्ही नव्या गाडीवर अचानक मोठी सूट देता तेव्हा आमच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांची किंमत त्याच दिवशी पडते, आणि पुढच्या लीजचा हप्ता वाढतो.

तो कागद म्हणजे बॅटरीचा दाखला. 'एसओएच (बॅटरीची उरलेली तब्येत) ९६ टक्के' एवढं छापून भागत नाही. तो आकडा बीएमएसचा अंदाज असतो, आणि काही कंपन्या सुरुवातीची घट राखीव भागातून झाकतात, त्यामुळे पहिली दोन वर्षं १०० च दिसतो आणि मग धाडकन उतरतो. दुसऱ्या मालकाला आज गाडीतून प्रत्यक्ष किती युनिट निघतात ते हवं. मोजायची रीत अवघड नाही: २० ते ३० अंशांत बॅटरी पूर्ण भरा, ठरलेल्या भारानं १० टक्क्यांपर्यंत उतरवा, बाहेर आलेली ऊर्जा मोजा, आणि खालच्या टोकाला सगळ्यात सशक्त व सगळ्यात अशक्त सेलमधला व्होल्टेजचा फरक नोंदवा. हा फरक एसओएचपेक्षा खरं बोलतो, कारण गाडी सरासरी सेलवर थांबत नाही, सगळ्यात दुबळ्या सेलवर थांबते. सोबत एकूण चार्जपैकी डीसी वेगवान चार्जिंग किती, बॅटरी तापलेल्या अवस्थेत किती तास राहिली, आणि वॉरंटी नव्या मालकाकडे जाते का, एवढं असलं की पुरे.

कायदा या दिशेनं निघाला आहे. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तिच्या माहितीची ऑनलाइन नोंद, लागेल. युरो ७ या युरोपच्या प्रदूषण नियमांत बॅटरीच्या टिकाऊपणाची किमान पातळीही घातली आहे. पण त्यात कारला पाच वर्षं किंवा १ लाख किलोमीटरला ८० टक्के आणि आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजारला ७२ टक्के, तर व्हॅनला अनुक्रमे ७५ आणि ६७. जी गाडी रोज राबते तिलाच सैल मोजपट्टी! यामागे तांत्रिक कारणं असतील. तरी वॉरंटी लिहिताना या तळाला जाऊन टेकू नका, आणि थांब्यांची गाडी म्हणून वेगळ्या अटीही घालू नका.

पुढच्या खरेदीच्या चौकशीपत्रात आम्ही या सगळ्याचे रकाने घालणार आहोत: भार, तापमान आणि वेगानुसार किलोमीटरमागे युनिट, रॅकसह भारक्षमता आणि धुरींवरची मोकळीक, कॉन्टॅक्टर-हँडब्रेक-दरवाजाची आवर्तनं, डिलिव्हरी मोड, थांबवून पुन्हा सुरू होण्याच्या चाचणीचा निकाल, प्लगला असताना चार्जची माहिती, इन्सुलेशनची नोंद वाचण्याची सोय, सॉफ्टवेअरच्या ठेवीचा करार आणि बॅटरीच्या दाखल्याचा नमुना. जो रकाना रिकामा येईल तिथे आम्ही आमचा सर्वांत वाईट अंदाज भरू आणि त्यावरच किंमत ठरवू. भरलेल्या आकड्यांची पडताळणी एका गाडीवर, आमच्या मार्गावर, पूर्ण मालासह चार आठवडे करू. त्यासाठी एक गाडी आणि तिच्या माहितीचा पूर्ण प्रवेश, दोन्ही सोबत पाठवावे.

कळावे,

आपले,
डिलिव्हरी ताफ्यांची खरेदी, चार्जिंग आणि देखभाल पाहणारे